साहेब आले की पाणी येतं

बसवकृपा नगरात नळ आहेत. हे आधीच स्पष्ट केलेलं बरं, कारण या वसाहतीविषयी बाहेर बरेच गैरसमज आहेत. प्रत्येक घरापुढं नळ आहे, नळाला मीटर आहे, मीटरला लोखंडी पेटी आहे आणि पेटीला कुलूप आहे. पाणी तेवढं नाही. आमच्या जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेनं हद्द वाढवली, तेव्हा महामार्गाच्या अंगाला वसलेलं हे नगर शहरात आलं. आधी घरपट्टी आली, मागोमाग पाणीपट्टी आली, मग नळ आले. आता पाणीही येणार आहे, असं नगरपरिषदेनं वेळोवेळी कळवलेलं आहे. गावाचं नाव मी सांगत नाही. उगीच चार गावांची माणसं दारात यायची, की आमचंच नाव का घेतलं म्हणून.

अगदीच येत नव्हतं असंही नाही. महांतेशच्या मनाला आलं की येत होतं. महांतेश म्हणजे टाकीवरून पाणी सोडणारा माणूस. व्हॉल्वची लांबलचक चावी मोटारसायकलला आडवी बांधून तो गल्लीत शिरला, की बाप्ये उठून उभे राहत आणि बायका पदर सावरत. नगरसेवकाला एवढा मान नव्हता. आठवडा उलटे, कधी दुसराही उलटे, मग एके दिवशी तोटी ओली होई आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत "नीरु बंत्री! पाणी आलं, पाणी आलं!" अशी कानडी-मराठी दोन्ही भाषांत बोंब उठे.

राजशेखर हत्तरगे यांना या परिस्थितीची तशी तक्रार नव्हती. त्यांचं बाजारात भांड्यांचं दुकान. पितळी भांडी कुणी घेत नाही आणि स्टीलची लग्नसराईतच खपतात. दुकान चालायचं ते पाणी साठवायच्या प्लास्टिकच्या टिपाडांवर. ज्या गावात पाणी येत नाही, त्या गावात टिपाड विकणारा उपाशी मरत नाही. त्यामुळं पाण्याच्या बाबतीत राजशेखरअण्णांचं धोरण सबुरीचं होतं.

पण नळदुर्गाहून त्यांचे साडू सहकुटुंब मुक्कामाला आले आणि सबुरी संपली. टिपाडं भरलेली होती ती पहिल्याच संध्याकाळी संपली. सकाळी साडूंच्या हातात जारचं थंडगार पाणी आणि एक लहान तांब्या देण्यात आला. अंघोळ न करता, भस्म न लावता, चहा तेवढा घेऊन ते पहिल्या गाडीनं परत गेले. बहिणीसमोर असं नाक कापलं गेल्यावर शिवलीलाबाईंनी नवऱ्याला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं.

"दुनियेला टिपाडं विकताव अन् घरात घोटभर पाणी न्हाय. लाज कशी वाटत न्हाय तुमाला? जावा, अर्ज देऊन या. अर्ज दिल्याबिगर ताट वाढणार न्हाय."

राजशेखरअण्णांनी अर्ज दिला. खिडकीतल्या बाबूंनी तो वरून खाली आणि खालून वर वाचला.

"पाणी येत नाही म्हणता. पुरावा काय?"

"नळ कोरडा हाय की साहेब."

"ते तुम्ही म्हणता. आमच्याकडं तर पाणी सोडल्याची नोंद आहे. स्थळपाहणी झाल्याशिवाय पाणी येत नाही, असं म्हणायचा तुम्हाला अधिकार नाही. तोपर्यंत पाणी येतंय असंच धरून चाला."

तेव्हा त्या दिवशी अण्णा पाणी येतंय असं धरून घरी आले, आणि ताट वाढलं गेलं.

पाहणीला कनिष्ठ अभियंता उमाशंकर बिराजदार आले. तरुण, सडपातळ, खांद्याला पिशवी, कपाळाला भस्म. खात्यात त्यांची ख्याती अशी, की हा माणूस चहासुद्धा घेत नाही आणि डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक ओळ लिहीत नाही. असा सरळ माणूस पाणीपुरवठ्यात कसा आला, याची खात्यात अधूनमधून चौकशी होत असे. ते दारात आले, पिशवी खाली ठेवली, तोटी फिरवली, आणि फाडकन् अशी धार सुटली की साहेबांची पँट गुडघ्यापर्यंत भिजली.

त्याचं असं झालं होतं: साहेब बसवकृपा नगराकडं निघाले, हे महांतेशच्या कानावर गेलं. साहेब फिल्डवर जाणार आणि नळाला पाणी नाही, हे दिसायला कसं दिसतं? त्यानं आदरापोटी व्हॉल्व पूर्ण उघडला.

"साहेब, तुमी आलाव म्हणून आलंय हो!" अण्णा कळवळून म्हणाले. "काल या, परवा या, टिपूस न्हाय."

"काल येऊन आज कसं पाहणार? मी दिसतं ते लिहितो. ऐकीव लिहीत नाही," साहेब म्हणाले, आणि त्यांनी लिहिलं: प्रत्यक्ष पाहणीअंती पाणीपुरवठा पुरेशा दाबाने सुरळीत असल्याचे आढळून आले. सबब उक्त तक्रार वस्तुस्थितीस धरून नाही. निकाली काढण्यात येत आहे.

साहेबांची मोटारसायकल वळणापलीकडं गेली आणि धार तुटली. अण्णांनी संतापून पुन्हा अर्ज दिला. साहेब पुन्हा आले. पाणी पुन्हा आलं. तक्रार पुन्हा निकाली. तिसऱ्या अर्जाला अण्णांना ताकीद मिळाली, की खोट्या तक्रारी करून शासकीय वेळेचा अपव्यय केल्यास पुढील कारवाई होईल. ताकीद हातात घेऊन ते ओट्यावर बसले होते, डोकं भणाणलं होतं. तेवढ्यात शेजारच्या तुळजाबाई भरलेली कळशी कमरेवर घेऊन आल्या आणि मोठ्या आनंदानं हसल्या.

"अण्णा, आता चौथा अर्ज कधी देताव?"

"वैनी, जखमेवर मीठ चोळू नगा."

"मीठ कशाला चोळू? सासूचं वर्षश्राद्ध हाय गुरुवारी. बुधवारी अर्ज टाका म्हंजे साहेब येतील. साहेब आले की पानी येतं, तुमाला अजून उमगलं न्हाय व्हय?"

सगळ्या वसाहतीला ते उमगलं होतं. उमगलं नव्हतं ते फक्त अर्जदाराला. त्या दिवसापासून बसवकृपा नगरात अर्जांच्या पाळ्या लागल्या. बारसं असेल त्या घराचा अर्ज आधी, गोधड्या धुवायच्या असतील त्यांचा नंतर. "आज कुणाची तक्रार?" हा सकाळचा रामराम झाला. ज्यांच्या मुली कॉलेजात होत्या त्यांनी अर्जाची भाषा सुधारून घेतली. ज्यांच्या नव्हत्या त्यांनी आधीच्या अर्जाची झेरॉक्स काढली. नगरपरिषदेत आनंदीआनंद झाला. एवढ्या तक्रारी आणि एकूण एक निकाली! तक्रार निवारणात नगरपरिषद विभागात पहिली आली, मुख्याधिकाऱ्यांना शाल मिळाली, आणि बसवकृपा नगरच्या जागरूक नागरिकांचे जाहीर आभार मानणारा फलक चौकात लागला. पाणी येत नाही म्हणून पाणी येतं, आणि पाणी येतं म्हणून बक्षीस मिळतं. कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं ते उमाशंकर साहेबांचं. उन्हानं त्यांचा रंग रापला. शेवटी त्यांनीच प्रस्ताव दिला, की रोज ये-जा करण्यापेक्षा तक्रारींच्या ठिकाणीच कायमस्वरूपी पाहणी कक्ष असावा. प्रस्ताव मंजूर झाला. जागा राजशेखरअण्णांची, वरच्या मजल्यावरची समोरची खोली. आद्य तक्रारदार म्हणून हा मान त्यांचाच होता.

साहेब सकाळी येऊन खुर्चीत बसत, पाणी सुरू होई. साहेब संध्याकाळी उठत, पाणी बंद होई. मध्ये ते नुसते जिन्यापर्यंत गेले तरी धार बारीक झाल्यासारखी बायकांना वाटे आणि खालून हाका येत, "साहेब, बसा की हो! कुठं निघालाव?" त्यांना उठायला निमित्त मिळू नये म्हणून घराघरांतून डबे येऊ लागले. शेंगाची चटणी आली, कडक भाकरी आली, सणावारी गव्हाची गोड हुग्गी आली. चहाला न शिवणारा हा माणूस वाढलेल्या ताटाला नाही म्हणू शकला नाही. बिचारा एकटा राहणारा, खोलीवर खानावळीचा डबा खाऊन कंटाळलेला. वसाहतीत माणसं दुपारी अंघोळी करू लागली. बलभीमराव, म्हणजे तुळजाबाईंचे मालक, यांनी दारात लॉन लावलं. अण्णांच्या दुकानात टिपाडांवर धूळ बसली, तरी वसाहतीत त्यांचा मान एवढा वाढला होता, की ते दुःख त्यांनी गिळलं.

आता अण्णांच्या घरातल्या एका व्यक्तीविषयी सांगायला हवं. शिवांजली, त्यांची एकुलती एक लेक. गणितात हुशार, नुसती हुशार नाही, गणितात रमणारी. पुण्याला एम.एस्सी.च्या यादीत तिचं नाव लागलं होतं, होस्टेलची खोली मिळाली होती, नवी बॅग भरून दाराजवळ ठेवली होती. जाण्याआधीच्या त्या दिवसांत ती घरात गुणगुणत फिरायची. आईशी भांडणंसुद्धा हसत करायची.

नेमक्या त्याच सुमारास पलीकडच्या रेणुकानगरनं अर्ज दिला. त्यांचं पाणी म्हणे इकडं वळलं होतं. वळलं होतंच, पाणी काही आभाळातून येत नव्हतं. नियमाप्रमाणं पाहणी कक्ष तिकडं हलवण्याची हालचाल सुरू झाली, आणि बसवकृपा नगरात हाहाकार उडाला. उद्यानासाठी राखीव असलेल्या मोकळ्या जागेत, वेड्या बाभळी जरा बाजूला सारून बैठक भरली. मोर्चा काढावा असं एकजण म्हणाला. उपोषण करावं असं दुसरा म्हणाला, आणि कोण बसणार असं विचारल्यावर गप्प झाला.

"मोर्चानं काय हुतंय?" तुळजाबाई म्हणाल्या. "साहेबाला हितलाच करून टाका की."

"म्हंजे?"

"जावई करून घ्या. घरजावई."

बैठकीतल्या सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या. राजशेखरअण्णांना आपल्या सदऱ्याला काहीतरी लागलं असावं असं वाटलं.

"लिंगायत हाय, बिनलग्नाचा हाय अन् पाणीपुरवठ्यात हाय," बलभीमराव बोटांवर मोजत म्हणाले. "अण्णा, अजून काय पायजे पोरीच्या बापाला?"

"अवो पण ती पुण्याला निघालीया. शिकायला."

"पुण्यात बी पाण्याची बोंबच हाय म्हणं," कुणीतरी म्हणालं.

अण्णा घरी आले ते आधी रागात होते. जेवताना विचारात पडले. हात धुताना, नळाची धार हातावर घेताना, स्थळ तसं वाईट नाही असं त्यांच्या मनात आलं. शिवलीलाबाईंनी तर बहिणीला नळदुर्गाला फोनही लावला होता.

"अप्पा, मी तुमची लेक हाय का व्हॉल्वची चावी?" शिवांजलीनं विचारलं. आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते.

"आगं, मुलगा सोन्यासारखा हाय. सरकारी नोकरी. आणि सगळ्या नगराचं भलं हुतंय."

"नगराला एवढं भलं पायजे तर नगरातल्या दुसऱ्या कुणाची पोरगी द्या. माझी बॅग भरलीया."

दुसऱ्या कुणाच्या पोरीची गोष्ट निघाली, तेव्हा असं आढळून आलं की नगरातल्या बाकी सगळ्या मुली अजून लहान आहेत, शिकत आहेत, किंवा त्यांच्या पत्रिकेत काही ना काही आहे.

मग उमाशंकर साहेबांना विचारण्यात आलं. वाईट माणूस नव्हता. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, की ते राहतात तिथं खोलीवर पाणी येत नाही. पाणीपुरवठ्याचा अभियंता आणि अंघोळीची पंचाईत! तिकडं पाहणीला कोण जाणार? इथं आल्यापासून त्यांची अंघोळ नियमित होत होती. मुलीची हरकत नसेल तर माझी नाही, असं ते म्हणाले, आणि मुलीची हरकत आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

मग बायकांची रीघ लागली. रोज कुणीतरी येऊन शिवांजलीजवळ बसे, तिच्या केसांवरून हात फिरवी. रागावणाऱ्यांना तिनं दाद दिली नसती, पण शेवटी इरम्मा आली. वाकलेली, गुडघे गेलेली, हापशावरून घागर आणताना दोनदा पडलेली म्हातारी. ती काही मागायला आलीच नव्हती. ती नुसती म्हणाली, "आता पाणी दारात येतंय बघ लेकी, हे असंच राहिलं तर मी अजून चार वर्सं जगंन." त्या दिवशी शिवांजलीनं बॅग उचलून माळ्यावर टाकली.

लग्न झोकात झालं. सगळ्या वसाहतीनं आपल्याच घरचं कार्य समजून पंगती वाढल्या. महांतेशला पहिल्या रांगेत बसवून अहेर केला. त्या दिवशी एवढं पाणी आलं की गटारं वाहिली, आणि गटारं वाहताना बघून म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं नाही.

कार्य झालंय, थकला असेल, म्हणून महांतेशला दोन दिवस कुणी काही बोललं नाही. मग अण्णा स्वतः टाकीवर गेले. महांतेशनं त्यांना बसायला सतरंजी दिली, कारण आता ते साहेबांचे सासरे होते.

"मालक, साहेब पाहणीला यायचे तवा सोडावंच लागायचं. पावण्याला पानी देत्यात. आता साहेब हितलेच झाले. घरच्या माणसाला कुणी पानी विचारतंय का? घरचा माणूस आपलं आपण बघतोय."

"अरे पण ते अजून साहेबच हायत की!"

"हितं न्हायत. हितं जावई हायत. रेणुकानगरात गेले की साहेब. तिकडं सोडलंय बगा, भरपूर."

हे कमी होतं म्हणून कार्यालयातूनही आदेश आला. अधिकाऱ्यानं स्वतःच्या राहत्या भागाची पाहणी करणं निःपक्षपातास बाधक असल्यानं बसवकृपा नगरचा कार्यभार दुसऱ्या अभियंत्याकडं देण्यात येत आहे आणि पाहणी कक्ष रेणुकानगरात हलवण्यात येत आहे. ते दुसरे अभियंते शेजारच्या तालुक्यात होते, त्यांच्याकडं आधीच तीन गावांचा अतिरिक्त कार्यभार होता, आणि ते वैद्यकीय रजेवर होते. तेव्हा सामान्य रहिवासी या नात्यानं उमाशंकर बिराजदार यांनी पाणी येत नसल्याचा अर्ज दिला. खिडकीतल्या बाबूंनी आतून एक जाडजूड गठ्ठा आणून त्यांच्यापुढं टाकला. पाणीपुरवठा सुरळीत असल्याचे ते सगळे अहवाल होते, प्रत्येकाखाली उमाशंकर बिराजदार यांची सही.

"साहेब, खात्यातला सगळ्यात खरा माणूस म्हणतोय की पाणी येतंय," बाबू म्हणाले. "त्याच्यावर आम्ही तुमचं कसं ऐकायचं?"

उमाशंकरांना हा युक्तिवाद बिनतोड वाटला. ते परत आले आणि टिपाड घेऊन हापशाच्या रांगेत उभे राहिले.

वसाहतीचा सूर फिरायला वेळ लागला नाही. बलभीमरावांचं लॉन वाळलं, त्याचा दोष अण्णांवर आला. "पोरगी देऊन बी पाणी राखता आलं न्हाय," असं लोक तोंडावर म्हणू लागले. रेणुकानगरात साहेबांसाठी रोज डबे येतात, ही बातमी आली तेव्हा तुळजाबाईंनी अण्णांच्या ओट्यावर येऊन विचारलं, की जावयाला घरात नीट वाढतात की नाही. इकडं टिपाडांचा खप पुन्हा वाढला होता, पण अण्णांना त्यात गोडी वाटेना. दुकानात कुणी गिऱ्हाईक आलं की ते सगळी हकीगत पहिल्यापासून सांगत: अर्ज, पाहणी, कक्ष, बैठक, लग्न. तेर गावचं गिऱ्हाईक असो की तुळजापूरचं, मन लावून ऐकत असे. आणि लग्नापर्यंत हकीगत आली की हमखास पुढं सरकून विचारत असे, "मग? पाणी आलं का?"

एकदा दुपारी अण्णा जेवायला घरी आले. ओट्यावर साडू बसले होते, आत तुळजाबाई होत्या, इरम्मा होती, आणि विषय अर्थातच तोच चालला होता. शिवांजली भाकरी वाढत होती. वाढता वाढता ती थांबली.

"अप्पा, एक विचारू?"

"विचार की."

"ह्या घरात जो येतो तो पाणी आलं का म्हणून विचारतो. मावशीचा फोन येतो, ती तेच विचारती. तुमी घरात पाऊल टाकताव, तुमी तेच विचारताव. मी कशी हाय, हे लग्न झाल्यापासून एकानं तरी विचारलंय का?"

इरम्मानं मान खाली घातली. अण्णांचा घास हातात राहिला. लेकीच्या तोंडाकडं त्यांनी कित्येक महिन्यांनी नीट पाहिलं. ती वाळली होती, आणि तिचं गुणगुणणं कधी बंद झालं ते त्यांना आठवेना. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. आपण बाप आहोत, आपण आधी विचारायला हवं होतं, निदान आता तरी विचारावं. त्यांनी घास ताटात ठेवला, घसा साफ केला आणि म्हणाले, "बाळ, तू..."

तेवढ्यात बाहेर तोटीतून आवाज आला. फुर्र फुर्र, आणि मग घशात अडकल्यासारखा एक घरघराट.

अण्णा ताटावरून उठले. साडू उठले. तुळजाबाई कळशी शोधत धावल्या, इरम्मासुद्धा भिंतीला धरून बाहेर आली. घरात शिवांजली एकटी उरली, हातात भाकरी घेऊन.

आणि तुम्ही? नळाला पाणी आलं की नुसतीच हवा, हे जाणून घ्यायला तुम्हीही त्या सगळ्यांच्या मागोमाग ओट्यावर येऊन उभे राहिला आहात. परत आत जा. ते मी सांगणार नाही.